मामंजींची बंगई

"पाणी मिळन का?" मामंजी खिडकीला म्हणाले.

खिडकीनं काही उत्तर दिलं नाही. मी आत भाकरी थापत होते. हात धुतले, तांब्या भरला, त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवला आणि कोपऱ्यातल्या फडताळाकडे बघून म्हणाले, "ठेवलंय."

मग मामंजींनी खिडकीकडचं तोंड वळवलं, तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. तहान बराच वेळ लागलेली असावी. पण मागायचं कुणाला, हा प्रश्न होता.

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत सासरे माझ्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. रीतच होती तशी. मूर्तिजापूरच्या त्यांच्या घरात सासरा सुनेशी सरळ बोलत नसे आणि सून सासऱ्याच्या नजरेला नजर देत नसे. दोघांच्या मधलं टपालखातं म्हणजे सासूबाई. "तिले सांग, भाजी चांगली झाली," असं मामंजी म्हणत आणि सासूबाई तिथूनच, मी चार हातांवर उभी असताना, "शैला, भाजी चांगली झाली म्हणतेत," असं मला कळवत. मी विट्याची. आमच्याकडे सासरे सुनेला नावानं हाका मारून बंब पेटवायला सांगतात. मला पहिल्या पहिल्यांदा हसू दाबताना नाकी नऊ यायचे.

पौषात सासूबाई गेल्या आणि टपालखातं बंद झालं.

दिवस झाल्यावर आमच्या यांनी, दिवाकरनी, वडिलांना कराडला आणलं. मोहित्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. दोन खोल्या, वर पत्रा, पत्र्याखाली जुन्या लाकडाच्या जाडजूड तुळया. दिवाकर विजेचे मनोरे उभे करणाऱ्या कंपनीत होते. आज कोयनेच्या डोंगरात, उद्या कर्नाटकच्या हद्दीत. महिन्यातून चार दिवस घरी आले तर मी पुरणपोळी करायची. वडिलांना आणून सोडलं आणि तिसऱ्या दिवशी ते परत कामावर निघाले. जिन्यात मला म्हणाले, "शैला, बाबांना चहासुद्धा करता येत नाही. तिथं एकटे राहिले तर उपाशी मरतील. काहीही कर, पण त्यांना ठेवून घे."

काहीही कर म्हणजे काय करू? ज्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला थांब तरी कसं म्हणायचं?

बरं, खरं सांगायचं तर त्यांना ठेवून घेण्यात माझाच स्वार्थ जास्त होता. ते येण्याआधी मी त्या दोन खोल्यांत अक्षरशः भुतासारखी वावरत होते. सकाळी दूधवाल्याशी चार शब्द, संध्याकाळी खालच्या मोहितेकाकींशी दहा. बाकीचा दिवस कुकरची शिट्टी हीच काय ती सोबत. आता निदान पलीकडच्या खोलीत कुणी खोकत होतं, कुणासाठी तरी दोन्ही वेळचं ताट करायचं होतं. ते खिडकीशी बोलत, मी फडताळाशी बोलत असे, पण घरात आवाज होता. तो गेला असता तर मला सहन झालं नसतं.

आणि ते जाणारच म्हणत होते. "घर बंद आहे तथी," ते रोज खिडकीला सांगत. "गेलं पाह्यजे." जेवण निम्म्यावर आलं होतं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. आमच्या बोलण्याला व्याकरणातला कर्ताच नव्हता. 'जेवण झालंय.' 'वाढलं तर चालन.' 'औषध घ्यायचं राहिलंय.' 'घेतल्या जाईन.' कुणी कुणाला काही म्हणतच नव्हतं. घरात नुसती क्रियापदं फिरत होती.

मग मला एक गोष्ट दिसली. दिवस कलायला लागला की मामंजी उठून खाटेवर मांडी घालून बसत आणि त्यांचं अंग अगदी हळू पुढे-मागे होई. डोळे मिटलेले. त्यांना स्वतःलाही ते कळत नसावं. मी दोन-तीन दिवस दारातून बघितलं आणि एकदम डोक्यात उजेड पडला. बंगई!

मूर्तिजापूरच्या बैठकीत पितळी कड्यांची भली मोठी बंगई होती. आपण झोपाळा म्हणतो, वऱ्हाडात बंगई. आम्ही जायचो ते दिवाळी नाहीतर अक्षय्य तृतीयेला. घर माणसांनी भरलेलं, पुरुष बैठकीत, बंगईवर तिघं-तिघं, आणि आम्ही बायका चुलीपुढे. आतून फक्त कड्यांची करकर ऐकू यायची. साध्या दिवशी, दोघंच असताना त्या घरात संध्याकाळ कशी होत असेल, ते मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढं पाहिलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

"इथं बंगई बांधली तर बरं वाटेल का?" मी फडताळाला विचारलं.

मामंजींचं हलणं थांबलं. ते खिडकीला म्हणाले, "कायले?"

"असंच. तुळया मजबूत आहेत."

खिडकीकडे तोंड करून त्यांनी वर पाहिलं. आले त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांनी त्या घरातलं काहीतरी नीट पाहिलं होतं. "तुळई सागाची दिसते," ते म्हणाले.

मला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खाली जाऊन मोहितेकाकांकडून त्यांच्या परड्यात पडलेलं जुन्या दाराचं कवाड मागून घेतलं. कवाड मजबूत होतं, फक्त एका बाजूला कडीकोयंड्याची भोकं होती. बाजारात जाऊन जाड दोर आणला. दुकानदारानं विचारलं, "म्हशीला का?" मी म्हटलं, "बंगईला." तो म्हणाला, "ही कुठली जात?" मी हसत हसत घरी आले. कितीतरी दिवसांनी मी रस्त्यानं एकटी हसत होते, लोकांनी वळून बघितलं असेल.

मोहितेकाकांचं गिरमिट आणून मामंजींनी कवाडाला चार कोपऱ्यांत भोकं पाडायला घेतली. जन्मभर जिनिंगमध्ये काट्यावर बसून कापूस मोजलेला माणूस. गिरमिट हातात कसं धरायचं इथून सुरुवात होती. पहिलं भोक तिरकं गेलं. मी कवाडावर पाय देऊन उभी राहिले.

"हललं नाही पाह्यजे," ते कवाडाला म्हणाले.

"धरलंय."

"इकून जोर लागन."

"लावलाय."

असं आमचं काम चाललं. त्या दिवशी मामंजी दुपारी झोपले नाहीत. जेवताना त्यांनी तिसरी भाकरी मागितली, म्हणजे रिकाम्या ताटाला "अजून असन तर" असं म्हणाले. मी आत येऊन तव्यावरची भाकरी उलटताना देवाला हात जोडले. जमलं, वाटलं. राहतात आता.

मग ते स्टुलावर चढले आणि मी स्टूल धरलं. दोर तुळईवरून टाकायचा होता. तीनदा चुकला, चौथ्यांदा पलीकडे पडला आणि नेमक्या त्याच वेळी मोहितेकाकी जिना चढून आल्या.

"व्हय गं शैला, सकाळधरनं वर काय ठोकाठोकी चाललीया?" असं म्हणत त्या दारात आल्या आणि तुळईवरून लोंबणारा दोर पाहून त्यांचा चेहरा असा फुलला! "अगं बाई! पाळणा? आनी मला पत्त्या न्हाई? कितवा लागला गं?"

चार वर्षांत हा प्रश्न मला सगळ्या सुरांत विचारून झाला होता. काळजीच्या, चेष्टेच्या, किवेच्या. पण सासऱ्यांच्या देखत कुणी विचारला नव्हता. मला खाली बघण्यावाचून काही सुचेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या क्षणी कळलं.

वरून आवाज आला. "पोरगं मीच हाओ, बाई."

काकींनी वर पाहिलं.

"माह्यासाठी बांधून राह्यलो," मामंजी शांतपणे म्हणाले. "म्हातारपणी पाळणा लागते माणसाले. तुमच्या घरी नाही लागत का?"

काकींनी पदर तोंडाला लावला आणि हसत हसत, जीभ चावत, आल्या पावली खाली गेल्या. मामंजी दोराची गाठ मारत राहिले. मग तुळईला म्हणाले, "लोकायले काय, तोंड आहे."

मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. दुःख होतंच, पण ते नेहमीचं. त्या दिवशी रडले ते कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं म्हणून. त्या गावात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. आणि आता तर हा माणूस जायलाच नको, असं मनाशी घट्ट धरून मी बाहेर आले.

दिवस कलता कलता बंगई टांगून झाली. आधी एक बाजू खाली गेली, दोर ताणला, परत सोडून बांधावी लागली. शेवटी कवाड सरळ झालं. मी त्यावर सतरंजीची घडी टाकली. मामंजींनी हातपाय धुतले, धोतर बदललं, डोक्यावर टोपी घातली. कुठं मोठ्या बैठकीला जावं तसे आले आणि बंगईवर मांडी घालून बसले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मामंजींनी डोळे मिटले. बंगई हलली नाही. ते तसेच बसून राहिले. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. खाली रस्त्यावर एक टांगा गेला, काकींच्या घरात रेडिओ लागला. मामंजी वाट पाहत असल्यासारखे बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि चेहरा असा झाला की जणू चुकीच्या घरात शिरले होते.

"हलत नाही," ते म्हणाले.

"पायानं रेटा दिला की हलेल," मी म्हटलं.

त्यांनी एक पाय खाली सोडला, जमिनीला रेटा दिला. कवाड तिरकं गेलं, भिंतीला आपटायला आलं, त्यांनी घाबरून दोर धरले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच. सत्तरीचा माणूस, जन्म बंगईवर गेलेला, आणि त्याला बंगई हलवता येत नव्हती. मला आधी गंमत वाटली. मग त्यांच्याकडे पाहून गंमत वाटेनाशी झाली.

"म्या कधी पाय लावलाच नाही हिले," ते म्हणाले. खिडकीला नव्हे, तुळईलाही नव्हे. स्वतःलाच. "मी जिनवरून आलो का मांडी घालून बसो. ती तथी भिंतीपाशी खाली बसे. तांदूळ निवडे, शेंगा सोले. बंगईच्या कडीले दोरी बांधलेली राहे. एका हातानं निवडे, दुसऱ्या हातानं दोरी ओढे. मी डोये मिटून बसो."

मला वाटत होतं, मामंजींना बंगईची आठवण येते. मी कवाड आणलं, दोर आणला, भोकं पाडली. आणि जी हवी होती ती बाजारात मिळण्यासारखी नव्हती.

"आई कधी बसायच्या नाहीत बंगईवर?" मी विचारलं.

"माणसं घरी असतांनी बायका कुठं बसतेत?"

"आणि तुम्ही घरी नसताना?"

मामंजी माझ्याकडे बघायला लागले. सरळ माझ्याकडे. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे डोळे पाहिले. करड्या रंगाचे होते, दिवाकरसारखे.

"माहीत नाही," ते म्हणाले. "म्या कधी इचारलं नाही."

मग ते हळूच बंगईवरून उतरले. उरलेल्या दोराचा एक तुकडा घेतला, कवाडाच्या कोपऱ्यातल्या गाठीला बांधला, दुसरं टोक हातात धरलं आणि भिंतीला पाठ टेकून खाली जमिनीवर बसले.

"बस," ते म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"तू बस वो बाई. तुलेच म्हणून राह्यलो."

त्या 'तू'नं माझं अंग शहारलं. मी पदर सावरला, संकोचानं कवाडाच्या कडेला टेकले. "मांडी घाल," ते म्हणाले. मी मांडी घातली. त्यांनी दोरी ओढली. आधी जोरात, मग अंदाज आला तशी हळू. बंगई हलायला लागली. पुढे, मागे. माझा हात कुठं लावायचा मला कळेना, मी तो मांडीवर ठेवला. लहानपणी झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसले होते, पण तेव्हा आपले पाय आपणच मारायचे. कुणी दुसऱ्यानं हलवायचं आणि आपण नुसतं बसायचं, हे मला माहीतच नव्हतं. अंगातला सगळा शीण पायांतून गळून खाली गेला. इतके महिने मी किती एकटी होते, ते मला त्या झोक्यावर बसल्यावर समजलं.

"बरं वाटते का?" मामंजींनी विचारलं.

"हो," मी कशीबशी म्हणाले.

ते दोरी ओढत राहिले. "तिलेबी वाटलं असतं मंग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती.

या वेळी मी फडताळाशी बोलले नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मामंजी, जाऊ नका. तिथं तुमचं खाण्यापिण्याचं कोण बघणार? आणि मी इथं एकटी पडेन हो."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "काल दिसलं." त्यांनी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. "तुह्याजवळ राह्यलो असतो, बाई. पण आता मले इथं झोप लागणार नाही. तिची बंगई तथी सुनी पडली."

ज्या बंगईनं माणूस थांबवायचा होता, तिनंच त्याला पाठवला. ओगलेवाडीच्या स्टेशनवर मी त्यांना महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं. दशम्या दिल्या, शेजारच्या बाईला सांगून ठेवलं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून माझ्याकडे बघून बोलले, "चहा करायचा कसा, ते सांगितलं नाहीस तू." मी गाडीबरोबर चालत सांगायला लागले, आधी पाणी, मग साखर, पण पत्तीपर्यंत येईतो फलाट संपला.

दिवाकर आले तेव्हा त्यांनी बंगई पाहिली, वडील नाहीत हे पाहिलं आणि पाय सोडून बंगईवर आडवे झाले. चार दिवसांनी परत गेले.

दोन-अडीच महिन्यांनी मोहित्यांच्या फोनवर मूर्तिजापूरच्या शेजारीणबाईंचा, बोबडेकाकूंचा, निरोप आला. मामंजी खिचडी शिजवून खातात, तब्येत ठीक आहे, पण डोक्यात काही फरक पडल्यासारखं वाटतं. "रोज संध्याकाळी रिकामी बंगई हालवत बसतेत वो," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "रिकामी बंगई हालवू नये, अपशकुन राह्यते. गल्लीतले लोक नावं ठेवतेत. सांगून पाह्यलं, आयकत नाहीत. घेऊन जा त्यायले."

दिवाकर डोंगरात कुठंतरी होते. मी एकटीच निघाले. गाडीत रात्रभर ठरवत होते, कसं समजवायचं, कसं आणायचं. या वेळी हात धरून आणायचं. कराडच्या दोन खोल्यांत पुन्हा कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येईल, या आशेवर मी आख्खा महाराष्ट्र ओलांडला.

गाडी उशिरा पोचली. घराशी आले तेव्हा उन्हं उतरली होती. दार सताड उघडं होतं. आत कड्यांची करकर चालली होती.

मामंजी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. पुढ्यात सुपात तूरडाळ होती, निम्मी निवडलेली. एका हातानं ते खडे काढत होते, दुसऱ्या हातात दोरी होती. समोर पितळी कड्यांची मोठी बंगई, कुणी बसलेलं नसताना, संथ पुढे-मागे होत होती. बंगईवर धुतलेली चादर नीट अंथरलेली होती.

"आलीस?" त्यांनी मान वळवली. दोरी थांबली नाही. "चहा येते मले आता. थांब, करतो थोड्या वेळानं."

मी पिशवी ठेवली आणि त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांचा हात पाहिला. तळव्याला घट्टे पडले होते, मनगट सुजलेलं होतं. न्यायला आले आहे, हे मला बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"हात दुखते वो," मामंजी म्हणाले. "घडीभरातच दुखायले लागते. तिनं मले कधी सांगितलं नाही."

"द्या इकडे दोरी. थोडा वेळ मी ओढते."

त्यांनी दोरी आणखी घट्ट धरली आणि मान हलवली.

"नाही बाई," ते म्हणाले. "आता माही पाळी आहे."